एंडोक्राइनपासून सुरुवात करा: स्टाफ नर्स आणि नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी

जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालं, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं आणि आता नॉरसेट, डीएमईआर, ईएसआयसी, रेल्वे नाहीतर महापालिकेच्या भरतीचा अभ्यास सुरू करायचाय, अशा सगळ्यांसाठी हे लिहितेय. नवीन मुलं-मुली दरवेळी हेच विचारतात की मेडिकल-सर्जिकल एवढं अवाढव्य आहे, सुरुवात कुठून करू? माझं उत्तर ठरलेलं आहे, एंडोक्राइनपासून करा, म्हणजे हार्मोन आणि ते तयार करणाऱ्या ग्रंथींच्या चॅप्टरपासून.

बहुतेकजण याच चॅप्टरला घाबरतात, कारण प्रत्येक आजार वेगळा पाठ करायला जातात. लक्षणांची यादी, औषधांची यादी, नर्सिंग केअरची यादी, आठवड्याने सगळं डोक्यातून गायब. खरं तर इथं पाठांतर सगळ्यात कमी लागतं. कुठलाही प्रश्न आला की स्वतःला तीन गोष्टी विचारायच्या. हार्मोन जास्त झालंय की कमी? त्यामुळे पाणी, मीठ, साखर, कॅल्शियम यातलं काय बिघडलं? आणि नर्स म्हणून मी आधी काय करणार? एवढं जमलं की किडनी, हार्ट, मेंदू, हाडं हे बाकीचे विषय पण अर्धे हातात येतात, कारण हार्मोन बिघडलं की त्रास शेवटी तिथंच दिसतो.

आधी पेपर समजून घ्या

नॉरसेट म्हणजे एम्सची नर्सिंग ऑफिसरची परीक्षा, २०२० पासून सुरू झाली, आता प्रिलिम्स आणि मेन्स अशा दोन टप्प्यांत होते. प्रिलिम्सला १०० प्रश्न ९० मिनिटांत, मेन्सला १६० प्रश्न १८० मिनिटांत. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात. प्रिलिम्स फक्त पार करायची असते, मेरिट मेन्सवर लागतं. राज्यातल्या भरत्यांचे नियम जाहिरातीप्रमाणे बदलतात त्यामुळे प्रत्येक वेळी जाहिरात स्वतः वाचा, ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नका.

निगेटिव्ह मार्किंगचा हिशोब एकदा नीट करून ठेवा म्हणजे परीक्षेत घालमेल होत नाही. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलं तर सरासरीने ना फायदा ना तोटा. पण एक पर्याय जरी खात्रीने बाद करता आला तर उरलेल्या तिघांतून निवडणं फायद्याचं आहे, आणि दोन बाद झाले तर सोडूच नका. म्हणजे तयारी करताना बरोबर उत्तर माहीत असण्याइतकंच चुकीचं उत्तर ओळखता येणं महत्त्वाचं. हे पुढे सराव करताना लागणार आहे.

पहिली पायरी: नॉर्मल व्हॅल्यू

हे मात्र पाठच करायचं, इथं सुटका नाही. सोडियम १३५ ते १४५, पोटॅशियम ३.५ ते ५, कॅल्शियम ८.५ ते १०.५, उपाशीपोटी साखर ७० ते १००, पीएच ७.३५ ते ७.४५, कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५, बायकार्बोनेट २२ ते २६, युरिनची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी साधारण १.००५ ते १.०३०. वेगवेगळ्या पुस्तकांत एखादा आकडा इकडे-तिकडे असतो, त्यात अडकू नका, एक पुस्तक धरा आणि तेच आकडे ठेवा. परीक्षेत विचारतात ते सीमेवरचे आकडे नसतात, सोडियम ११८ किंवा पोटॅशियम २.८ असलेच असतात.

डायबेटीसच्या निदानाचे आकडे पण इथंच लिहून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, ग्लुकोज दिल्यावर दोन तासांनी २०० किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त.

दुसरी पायरी: वरून ऑर्डर, खालून काम

मेंदूतल्या हायपोथॅलॅमसने पिट्युटरीला सांगायचं, पिट्युटरीने खालच्या ग्रंथीला सांगायचं आणि काम पुरेसं झालं की वरचा आवाज आपोआप कमी होतो, याला नेगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. मुकादम आणि मजूर डोळ्यासमोर आणा. मजूर काम करेनासे झाले की मुकादम जास्त ओरडतो, मजुरांनी गरजेपेक्षा जास्त उरकलं की मुकादम गप्प. टीएसएच हा पिट्युटरीचा आवाज, टी३-टी४ हे थायरॉइडचं काम. म्हणून थायरॉइड स्वतः कमी पडलं तर टी४ खाली आणि टीएसएच वर. ग्रेव्ह्ज डिसीजमध्ये, म्हणजे थायरॉइड जास्त काम करतं तेव्हा, बरोबर उलटं, टी४ वर आणि टीएसएच खाली. आणि दोन्ही खाली असतील तर बिघाड पिट्युटरीत आहे, मुकादमच आजारी. कॉर्टिसॉल (अॅड्रिनलचं हार्मोन) आणि एसीटीएच (त्यासाठीचा पिट्युटरीचा आवाज) यांचं पण असंच चालतं, त्यामुळे एक समजलं की दुसरं फुकट मिळतं.

एक गोष्ट हमखास विचारतात. एडीएच आणि ऑक्सिटोसिन पोस्टीरियर पिट्युटरी सोडते, पण तयार होतात हायपोथॅलॅमसमध्ये. प्रश्नात "तयार कुठे होतं" आहे की "साठवलं कुठे जातं" आहे ते नीट वाचा.

तिसरी पायरी: आजार जोडीने वाचायचे

एकट्याने कुठलाच आजार वाचू नका. जास्त आणि कमी शेजारी-शेजारी लिहा, मध्ये रेघ मारा.

एडीएच जास्त म्हणजे एसआयएडीएच, कमी म्हणजे डायबेटीस इन्सिपिडस. एडीएचचं काम एकच, पाणी धरून ठेवणं. जास्त झालं की पाणी शरीरात अडकतं, लघवी थोडी आणि घट्ट, आणि रक्तात पाणी वाढल्याने सोडियम पातळ होऊन खाली. सोडियम खाली गेलं की मेंदूला सूज, गोंधळलेपणा, झटके. मग नर्सने काय करायचं हे वेगळं पाठ करावं लागतं का? पाणी जास्त आहे म्हणून फ्लुइड कमी, रोज वजन, इनटेक-आउटपुट काटेकोर, झटक्यांची काळजी. फार खाली गेलं तर ३ टक्के सलाईन, ते पण हळू आणि लक्ष ठेवून, कारण सोडियम एकदम वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. कारणांमध्ये फुप्फुसाचा स्मॉल सेल कॅन्सर लक्षात ठेवा, तो येतोच.

डायबेटीस इन्सिपिडसमध्ये याच्या उलट सगळं. पाण्यासारखी लघवी, दिवसाला अनेक लिटर, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००५ च्या खाली, सोडियम वर, पेशंट तहानेने व्याकूळ. औषध डेस्मोप्रेसिन. डोक्याला मार लागलेला किंवा पिट्युटरीचं ऑपरेशन झालेला पेशंट आणि युरिन बॅग तासाला भरतेय असं दिसलं की पहिली शंका याचीच घ्यायची. आणि लिथियमवर असलेल्या पेशंटमध्ये एडीएच असतं पण किडनी त्याचं ऐकत नाही, तो नेफ्रोजेनिक प्रकार.

पिट्युटरीचं ऑपरेशन नाकातून केलं असेल तर डोकं ३० अंश वर, शिंकणं-खोकणं-नाक शिंकरणं बंद, काही दिवस ब्रश पण नाही. नाकातून पाणी गळत असेल तर त्यात ग्लुकोज तपासायचं, मिळालं तर ते मेंदूतलं पाणी असू शकतं, लगेच सर्जनला कळवायचं.

आता अ‍ॅड्रिनल. अ‍ॅडिसन म्हणजे कमी, कुशिंग म्हणजे जास्त. कॉर्टिसॉल साखर वाढवतं, अल्डोस्टेरॉन मीठ धरतं आणि पोटॅशियम बाहेर टाकतं. एवढं वाक्य पक्कं करा, बाकी स्वतः काढता येतं. अ‍ॅडिसनमध्ये सोडियम खाली, साखर खाली, बीपी खाली आणि पोटॅशियम वर. शिवाय त्वचा काळपट होते, कारण एसीटीएच वाढलेलं असतं. कुशिंगमध्ये साखर वर, सोडियम वर, बीपी वर, पोटॅशियम खाली, चेहरा गोल, मानेमागे चरबी, पोटावर जांभळे पट्टे, हातपाय मात्र बारीक. हाडं ठिसूळ आणि इन्फेक्शन पटकन, वरून ताप पण नीट दिसत नाही कारण स्टेरॉइड सूज-ताप दाबून टाकतं.

आपल्याकडच्या वॉर्डात कुशिंगचं सगळ्यात मोठं कारण बाहेरून घेतलेलं स्टेरॉइड. दम्यासाठी, सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं गोळी चालू, कधी कधी गुडघेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या ज्यात स्टेरॉइड मिसळलेलं असतं. असा पेशंट बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करतो आणि चार दिवसांनी उलट्या, पोटदुखी, बीपी ८०, ग्लानी अशा अवस्थेत येतो. हा अ‍ॅड्रिनल क्रायसिस. शिरेतून हायड्रोकॉर्टिसोन आणि नॉर्मल सलाईन, सोबत साखर तपासणं. म्हणूनच हेल्थ एज्युकेशनच्या प्रश्नात "स्टेरॉइड अचानक बंद करू नका" हा पर्याय दिसला की बहुतेक वेळा तोच बरोबर असतो, आणि ताप किंवा ऑपरेशन असेल तेव्हा डोस वाढवावा लागतो हा पण.

थायरॉइडमध्ये जोडी सोपी आहे, कमी असलं की सगळं मंद आणि थंड, जास्त असलं की सगळं जलद आणि गरम. औषधांवर जास्त वेळ द्या. लेव्होथायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी फक्त पाण्याबरोबर, त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाश्ता नाही, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या चार तास लांब. आपल्याकडे गोळी चहाबरोबरच घ्यायची सवय असते, म्हणून वॉर्डात पण हे समजावून सांगावं लागतं. कार्बिमाझोल किंवा पीटीयूवर (ही थायरॉइड कमी करणारी औषधं) असलेला पेशंट घसा दुखतोय आणि ताप आहे म्हणाला तर साधी सर्दी समजायचं नाही, पांढऱ्या पेशी एकदम खाली गेल्या असतील, लगेच काउंट बघायला सांगायचा.

थायरॉइडेक्टॉमीनंतरची, म्हणजे थायरॉइड काढण्याच्या ऑपरेशननंतरची केअर हा माझ्या मते पूर्ण एंडोक्राइनमधला सगळ्यात जास्त मार्क देणारा तुकडा आहे, म्हणून थोडं थांबून सांगते. पेशंट सेमी-फाउलरमध्ये (पाठ वर करून अर्धवट बसलेला), मान मागे ताणायची नाही. ड्रेसिंग समोरून कोरडं दिसतं आणि नवीन नर्स चार्टवर "ड्रेसिंग ड्राय" लिहून पुढच्या बेडकडे जाते, पण रक्त उताराने मागे जातं, म्हणून हात मानेखाली, खांद्यापर्यंत सरकवून चादर ओली आहे का बघायचं. गळा आवळल्यासारखं वाटतंय, ड्रेसिंग घट्ट होतंय, श्वास घेताना आवाज येतोय, म्हणजे आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जातेय, इथं एक मिनिट पण घालवायचं नाही. बेडशेजारी ट्रेकिऑस्टॉमी सेट, ऑक्सिजन, सक्शन आणि कॅल्शियम ग्लुकोनेट आधीपासून तयार. कॅल्शियम का? कारण ऑपरेशनमध्ये पॅराथायरॉइडला धक्का लागू शकतो, मग कॅल्शियम खाली जातं, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात. बीपीचा कफ फुगवल्यावर पंजा आकसला तर ट्रुसो साइन, गालावर टिचकी मारल्यावर चेहरा उडाला तर च्वोस्टेक. पेशंटला अधूनमधून बोलायला लावायचं, आवाज फार घोगरा किंवा बारीक होत चालला तर नसेला इजा असू शकते.

पॅराथायरॉइडचं जास्तीचं रूप म्हणजे कॅल्शियम वर, हाडं कमजोर, किडनी स्टोन, बद्धकोष्ठ, पाणी भरपूर पाजायचं. फिओक्रोमोसायटोमात (अॅड्रिनलची गाठ) तीन गोष्टी: बीपीचे अचानक झटके, पोट दाबून तपासायचं नाही, आणि आधी अल्फा ब्लॉकर मग बीटा ब्लॉकर. पुढे चला.

चौथी पायरी: डायबेटीसला वेगळा आठवडा द्या

इन्सुलिनपासून सुरू करा. लिस्प्रोसारखं रॅपिड १५ मिनिटांत सुरू होतं, साधारण तासा-दीड तासात शिखरावर. रेग्युलर अर्ध्या ते एका तासात सुरू, शिखर २ ते ४ तासांत. एनपीएचचं शिखर ४ ते १२ तासांत. ग्लार्जिनला ठळक शिखरच नाही, चोवीस तास सपाट चालतं आणि ते कशातच मिसळायचं नाही. शिखर कशासाठी लक्षात ठेवायचं, तर साखर उतरण्याची भीती तेव्हाच सगळ्यात जास्त. सकाळी ७ ला रेग्युलर दिलं तर ९ ते ११ या वेळात घाम फुटलाय का बघा, एनपीएच दिलं असेल तर दुपार ते संध्याकाळ.

रेग्युलर आणि एनपीएच एकाच सिरिंजमध्ये घ्यायचं असेल तर क्रम असा: गढूळ बाटलीत हवा, स्वच्छ बाटलीत हवा, आधी स्वच्छ ओढा, मग गढूळ. गढूळ बाटली हलवायची नाही, तळहातांत फिरवायची.

आता सिरिंज. परदेशी प्रश्नसंच सोडवून तयारी करणाऱ्यांना हे कळतच नाही, कारण तिकडे सरसकट १०० युनिटचंच वापरतात. आपल्याकडे इन्सुलिनच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलिलिटर असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. पेनची कार्ट्रिज आणि काही बाटल्या १०० युनिट प्रति मिलिलिटर, त्यांची सिरिंज केशरी टोपणाची. समजा २० युनिट द्यायचेत. ४० च्या बाटलीतून ते अर्धा मिलिलिटर होतं. तुम्ही चुकून १०० ची सिरिंज घेतली आणि २० च्या रेघेपर्यंत भरलं तर पेशंटला फक्त ०.२ मिलिलिटर म्हणजे ८ युनिट जातील. उलट केलं, १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज, तर २० च्या रेघेवर अर्धा मिलिलिटर म्हणजे ५० युनिट, अडीचपट डोस, पेशंट बेशुद्ध होऊ शकतो. हा हिशोब कागदावर दोनदा करा, परीक्षेसाठी तर करायचाच आणि पहिल्या ड्युटीसाठी त्याहून जास्त.

साखर ७० च्या खाली आणि पेशंट शुद्धीत आहे, गिळू शकतोय, तर १५ ग्रॅम पटकन लागू पडणारी साखर, म्हणजे अर्धा कप ज्यूस किंवा तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. चॉकलेट हा फसवा पर्याय आहे, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, शिरेतून डेक्स्ट्रोज किंवा ग्लुकॅगॉन. ग्लुकोमीटर हाताशी नाही आणि लक्षणं दिसतायत तर साखर कमी आहे असं धरूनच उपचार करा. बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड दिसणार नाही, घाम मात्र येतो.

डीकेए आणि एचएचएस, साखर फार वाढल्यावरच्या या दोन इमर्जन्सी जोडीनेच वाचा. डीकेए बहुतेक टाइप १ मध्ये, साखर साधारण २५० च्या वर, कीटोन, आम्लता, खोल आणि जलद श्वास, तोंडाला फळासारखा वास. एचएचएस टाइप २ मध्ये, वयस्कर पेशंट, साखर ६०० च्या वर, पाणी प्रचंड कमी झालेलं, कीटोन नाहीत किंवा नावाला. दोन्हीत पहिली गोष्ट इन्सुलिन नाही, सलाईन आहे. हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा. मग पोटॅशियम बघायचं, कारण इन्सुलिन पोटॅशियमला पेशीत ढकलतं आणि रक्तातलं अजून खाली जातं, आधीच ३.३ च्या खाली असेल तर इन्सुलिन थांबवून आधी पोटॅशियम. पोटॅशियम द्यायचं ते लघवी होतेय ना ते बघून, आणि पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट शिरेत पुश करायचं नाही, नेहमी पातळ करून हळू. इन्सुलिन सुरू झाल्यावर साखर २०० ते २५० पर्यंत आली की सलाईनमध्ये डेक्स्ट्रोज जोडतात, कारण कीटोन अजून जायचेत आणि साखर मात्र पडायला नको.

पायांच्या काळजीवर एखादा प्रश्न असतोच. नखं सरळ कापायची, बोटांच्या बेचक्यात क्रीम नाही, गरम पाण्याची पिशवी नाही, अनवाणी नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालून फोड येतात आणि पेशंटला कळत पण नाही, संवेदनाच गेलेली असते, त्यामुळे हा नुसता पुस्तकातला मुद्दा समजू नका.

पाचवी पायरी: "सगळ्यात आधी काय" वाले प्रश्न

इथं हुशार मुलं पण मार्क घालवतात, कारण चारही पर्याय खरे असतात. चारही गोष्टी करायच्याच असतात, विचारलंय फक्त आधी कुठली. आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण. त्यानंतर आधी तपासणं मग करणं, पण प्रश्नातच तपासणी होऊन गेलेली असेल तर पुन्हा तपासत बसायचं नाही, कृती निवडायची. डॉक्टरांना कळवा हा पर्याय नर्सच्या हातात काही करण्यासारखं उरलेलं असताना सहसा पहिला नसतो. अचानक झालेला बदल जुन्या त्रासाच्या आधी.

दुसरं म्हणजे प्रश्नातला शब्द. पेपर बऱ्याचदा इंग्रजीतच वाचावा लागतो आणि मराठी मीडियममधून आलेल्यांची धावत वाचताना गडबड होते. "यापैकी कोणतं नाही", "वगळता", "टाळावं" अशा अर्थाचे शब्द दिसले की कॉम्प्युटरवर माऊस तिथं एक क्षण थांबवा, मनात मराठीत प्रश्न म्हणा आणि मगच पर्याय वाचा. विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही, उलट चटकन होतो.

सहावी पायरी: बाकीच्या सिस्टिम याच धाग्याला बांधा

डीकेए वाचलात ना, मग एबीजी (धमनीतल्या रक्ताची गॅस तपासणी) तिथंच शिका. पीएच खाली आणि बायकार्बोनेट पण खाली, दोघं एकाच दिशेला गेले म्हणजे मेटाबॉलिक. पीएच आणि कार्बन डायऑक्साइड विरुद्ध दिशेला गेले म्हणजे रेस्पिरेटरी. पोटॅशियम वाचलात की हार्टकडे जा, पोटॅशियम कमी असेल तर डिगॉक्सिन या हार्टच्या औषधाचं विष लवकर चढतं, द्यायच्या आधी एपिकल पल्स पूर्ण एक मिनिट मोजायचा, मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर डोस थांबवून कळवायचं. डायबेटीसमधून किडनीकडे, डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडलेल्या (एव्ही फिस्टुला) हातावर बीपी नाही, सुई नाही, थ्रिल (हाताला जाणवणारी थरथर) आणि ब्रुई (स्टेथोस्कोपने ऐकू येणारा आवाज) रोज तपासायचं.

सारखी नावं वेगळी लिहून ठेवा. कुशिंग सिंड्रोम कॉर्टिसॉलचा. कुशिंग ट्रायड मेंदूतला दाब वाढल्याचा, बीपी वर, पल्स खाली, श्वास अनियमित. कुशिंग अल्सर डोक्याच्या इजेनंतर, कर्लिंग अल्सर भाजल्यानंतर. भाजल्यावरून पार्कलंड, म्हणजे पहिल्या २४ तासांत किती सलाईन द्यायचं त्याचं सूत्र, पण करून टाका: ४ गुणिले वजन गुणिले भाजलेले टक्के. ७० किलो, ३० टक्के, म्हणजे ८४०० मिलिलिटर, त्यातलं निम्मं ४२०० पहिल्या ८ तासांत, आणि हे ८ तास भाजल्याच्या वेळेपासून मोजायचे, अ‍ॅडमिट झाल्यापासून नाही. दोन तास उशिरा आला असेल तर ते ४२०० सहा तासांत बसवावे लागतात.

चेस्ट ट्यूब, जीसीएस (शुद्धीचा स्कोअर), लिव्हर हे नंतर घ्या, त्यांचा एंडोक्राइनशी एवढा संबंध नाही.

सातवी पायरी: सराव रोज कसा करायचा

दिवसाला ४० ते ५० प्रश्न पुरेत, दोनशे ठोकून उत्तर न बघता झोपण्यात अर्थ नाही. घड्याळ लावून सोडवा, प्रिलिम्सच्या हिशोबाने प्रश्नाला मिनिटभर पण मिळत नाही. मग सोडवायला लागला त्याच्या दुप्पट वेळ तपासायला द्या. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे चूक कुठली ते लिहा: माहितीच नव्हती, माहिती होती पण प्रश्न नीट वाचला नाही, की आधी-नंतरचा क्रम चुकला. पंधरा दिवसांत तुमचा नमुना दिसायला लागतो. माहिती कमी असेल तर पुस्तक, वाचण्यात चूक असेल तर वेग कमी, क्रम चुकत असेल तर पाचवी पायरी पुन्हा. बरोबर आलेल्या प्रश्नात पण उरलेले तीन पर्याय का चूक हे मैत्रिणीला तोंडी मराठीत सांगून बघा, सांगता आलं नाही तर ते उत्तर अंदाजाने आलेलं आहे.

बाजारातल्या प्रश्नसंचांच्या उत्तरतालिकेत चुका असतात. एखादं उत्तर तुमच्या तर्काला पटत नसेल तर पाठ्यपुस्तक उघडा, तालिका पाठ करू नका.

ड्युटी करत अभ्यास करणाऱ्यांनी वॉर्डच वापरा. बीएसएल (रक्तातली साखर) घेताना केसपेपर चाळा, कुठलं इन्सुलिन, किती वाजता, शिखर कधी. रिपोर्ट आला की सोडियम-पोटॅशियम बघून आजाराचा अंदाज करा आणि मग निदान वाचा. हँडओव्हर घेताना सिनियर सिस्टरला एक "का" विचारा.

आता पाच प्रश्न, आधी स्वतः सोडवा

एक. डोक्याला मार लागलेला पेशंट, तासाला ४०० मिलिलिटर लघवी, स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.००२, सोडियम १५२. काय झालंय आणि कुठलं औषध अपेक्षित आहे?

दोन. डीकेए, साखर ४८०, पोटॅशियम २.९, सलाईन चालू आहे, इन्सुलिन इन्फ्युजनची ऑर्डर आली. नर्स काय करेल?

तीन. कुशिंग असलेला पेशंट डिगॉक्सिनवर आहे, मळमळतंय आणि सगळं पिवळट दिसतंय म्हणतो. कुठली तपासणी आधी बघाल?

चार. सकाळच्या राउंडला चार पेशंट: (अ) हायपोथायरॉइड, तीन दिवस शौचाला नाही; (ब) ग्रेव्ह्ज, ताप १०४, पल्स १५०, बडबडतोय; (क) टाइप २, साखर २१०, जेवण मागतोय; (ड) कुशिंग, डाएटची माहिती हवीय. आधी कोणाकडे जाल?

पाच. थायरॉइडेक्टॉमी होऊन २४ तास, बीपी घेताना पंजा आकसला. काय तयार ठेवाल?

उत्तरं. पहिल्यात डायबेटीस इन्सिपिडस, डेस्मोप्रेसिन. दुसऱ्यात इन्सुलिन सुरू न करता डॉक्टरांना पोटॅशियम कळवायचं, आधी ते भरून काढायचं, लघवी किती होतेय ते सांगायचं. "ऑर्डरप्रमाणे इन्सुलिन सुरू करा" हा पर्याय तिथं असेलच, आणि साखर ४८० बघून हात तिकडेच जातो. तिसऱ्यात पोटॅशियम आणि डिगॉक्सिनची रक्तातली पातळी, पल्स मोजून पुढचा डोस थांबवायचा. चौथ्यात ग्रेव्ह्जवाला, हा थायरॉइड स्टॉर्म आहे, थंड करायचं, तापाला पॅरासिटामॉल चालेल, अ‍ॅस्पिरिन नाही, कारण ते प्रथिनाला चिकटलेलं थायरॉइड हार्मोन सुटं करतं आणि त्रास वाढतो. पाचव्यात शिरेतून द्यायचं कॅल्शियम ग्लुकोनेट, मॉनिटर लावून हळू, आणि सुई शिरेतच आहे ना ते आधी तपासून, कारण बाहेर गळलं तर आजूबाजूची त्वचा-मांस जळतं.